भोपळा कुणाच्या वळणावर गेला?



जुलै महिन्यातल्या एका शुक्रवारी, शब्बाथच्या स्वयंपाकाची घाई चाललेली असताना, अश्दोदहून आमच्या एका वाचक आजींचा फोन आला. आवाज रडवेला. आम्हांला वाटले, कुणाचे काही बरेवाईट झाले की काय. तर आजी म्हणाल्या, "अहो, आमच्या घरात चार दिवस अबोला आहे. आजोबा नातवाशी बोलत नाहीत, नातू आजोबांशी बोलत नाही. आणि कारण काय, तर भोपळा! तुम्ही दर अंकात झाडापानांवर लिहिता ना, मग या आणि काय तो निकाल द्या."

झाले होते असे. नातू ९ वर्षांचा. कॅनडात राहणाऱ्या मामाने त्याला वाढदिवसाला राक्षसी भोपळ्याच्या बियांचे पाकीट दिले. घर तळमजल्यावर, मागे थोडी मोकळी जागा. मार्चमध्ये बी पेरली, मेअखेरीस फळ धरले आणि मग जे सुरू झाले ते पाहायला सगळी इमारत खिडकीत येऊ लागली. भोपळा रोज सकाळी आदल्या रात्रीपेक्षा मोठा दिसायचा. शाळेला सुट्टी लागल्यावर पोरगा दिवसभर त्याच्यापाशीच. शिंप्याच्या टेपने घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पाहतो तर देठाला उभी चीर!

आजोबा म्हणाले, "पाणी! दिवसातून तीन-तीन वेळा पाइप लावून बसायचा. फुटेल नाहीतर काय!"

नातू म्हणाला, "सबा, माझा काय दोष? ते बियांतच असतं. मामाने सांगितलंय."

झालं, तेवढ्यावरून दोघांनी तोंडे फिरवली.

रविवारी आम्ही बसने अश्दोदला गेलो. भोपळा बसायच्या मोड्यापेक्षा मोठा झालेला, रंग फिकट नारिंगी. देठ मनगटाएवढा जाड, आणि त्यावर बोटभर लांबीची चीर. तिच्यातून चिकट पाणी पाझरत होते. आजोबांनी चिरेत हळद भरून वरून जुन्या साडीची चिंधी घट्ट बांधली होती, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला बांधतात तशी. म्हणजे बोलणे बंद, पण औषधपाणी चालू!

त्या दिवशी आम्ही चहा पिऊन आणि चिवडा खाऊन परत आलो. निकाल दिला नाही, कारण तो आम्हांलाच ठाऊक नव्हता. मग पुस्तके काढली, वाचले, दोन जाणत्यांना विचारले. जे समजले ते आज इथे मांडतो. बालमित्रांनो, हे तुमच्यासाठीही आहे. अवघड शब्द आला तर आजी-आजोबांना विचारा. त्यांनाही अडला तर दोघांनी मिळून पुढे वाचा.

आधी या भोपळ्याचे कूळ पाहू. आपल्या लहानपणी कोकणात घराच्या कौलांवर चढायचा तो भोपळा वेगळा. हा राक्षसी भोपळा ज्या जातीचा, तिचे शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॅक्झिमा. मूळ घर दक्षिण अमेरिका. तिथे अजून त्याचा रानटी भाऊबंद उगवतो. त्याचे फळ लहान आणि तोंडात घालवणार नाही इतके कडू. त्या एवढ्याशा कडू फळापासून माणसाने निवडत निवडत आजचे धूड तयार केले.

मोठ्या भोपळ्यांची हौस जुनी आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात विल्यम वॉर्नॉक नावाचे गृहस्थ होते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा ४०० पौंडांचा भोपळा गेला आणि पुढे सेंट लुईसच्या प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा. हा विक्रम ७० वर्षांहून अधिक टिकला. १९७६ मध्ये मोडला. त्यानंतर आले नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावचे हॉवर्ड डिल. साधा शेतकरी माणूस. पण दरवर्षी सर्वांत मोठ्या फळाचे बी राखायचे, कोणाचा पराग कोणाला द्यायचा ते ठरवायचे, असे वर्षानुवर्षे केले. १९७९ ते १९८२ ही सलग चार वर्षे ते जगज्जेते ठरले. १९८१ चे त्यांचे फळ ४९३.५ पौंडांचे, म्हणजे २२४ किलोंच्या आसपास. त्यांच्या या वाणाचे नाव 'अटलांटिक जायंट'. आज जगात जे जे राक्षसी भोपळे स्पर्धेत उतरतात, ते बहुतेक सगळे याच घराण्यातले. डिल २००८ साली वारले.

विंडसर गावात १९९९ पासून आणखी एक गंमत सुरू झाली. असे मोठे भोपळे पोखरायचे, आत माणसाने बसायचे आणि वल्हे मारत तळे पार करायचे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या आपल्या म्हातारीची गोष्ट तिथे कुणी ऐकलेली नसणार, पण तिला ते पाहून बरे वाटले असते.

डिल यांच्यानंतर वजन असे काही चढत गेले की विचारू नका. १९९६ मध्ये १००० पौंडांचा उंबरठा ओलांडला. २०१२ मध्ये अमेरिकेत रॉन वॉलेस यांनी २००० पौंडांचा. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचे फळ १०५४ किलो, २०२१ मध्ये इटलीच्या स्तेफानो कुत्रुपी यांचे १२२६ किलो, २०२३ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅव्हिस गिंगर यांचे १२४७ किलो, आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन बंधूंचे १२७८.८ किलो. डिल यांच्या १९८१ च्या फळाच्या साडेपाच पटींहून जास्त! एवढे वजन एका उन्हाळ्यात, साधारण १०० दिवसांत चढते. ऐन भरात असताना मोठे फळ दिवसाला २० किलोंहून अधिक वाढते. म्हणजे आज रात्री तुम्ही झोपलात आणि उद्या रात्री परत झोपायला गेलात, तेवढ्यात तांदळाचे एक मोठे पोते त्याच्या पोटात गेलेले असते.

हे सगळे अन्न-पाणी जाते कुठून? एकाच वाटेने. देठातून.

बाजारातल्या पुष्कळ भोपळ्यांचा देठ पाहिला असेल, तो कोनाकोनांचा आणि लाकडासारखा कडक असतो. या मॅक्झिमाचा देठ गोल, फुगीर आणि बाटलीच्या बुचासारखा. बाहेरून तो लवकर वाळून बूच बनतो. आतला गर मात्र ओला, जिवंत, आणि फुगत राहणारा. आता विचार करा, आत वाढणारे अंग आणि बाहेर न वाढणारा अंगरखा. शिवण कुठेतरी उसवणारच. देठाची चीर ही अशी उसवलेली शिवण.

दुसरे कारण भोपळ्याच्या खांद्याचे. फळ वाढले की देठाच्या दोन्ही बाजूंना त्याचे खांदे वर येतात. शिवाय फार जड फळ स्वतःच्याच वजनाने बसके होत जाते आणि आडवे पसरते. जॉर्जियातल्या तंत्रज्ञांनी २०११ मध्ये याचा हिशेबच मांडला होता. हे खांदे वेलीला रेटतात. वेल तर गाठीगाठीला मुळे सोडून जमिनीत रुतलेली. ती हलत नाही, फळ थांबत नाही, मधल्यामध्ये देठ पिळला जातो. म्हणून जाणते बागवान फळ लहान असतानाच वेलीला फळापासून दूर वळण देतात, देठाजवळची मुळे कापून टाकतात म्हणजे वेल उचलली जाऊ शकते, आणि देठ वेलीशी काटकोनात येईल असे फळ हळूहळू, रोज थोडे थोडे फिरवतात. आमच्या अश्दोदच्या बागवानाने यातले काहीच केले नव्हते. कोण सांगणार त्याला? पाकिटावर एवढे लिहिलेले नसते.

इथवर वाचून आजोबा म्हणतील, "पाहा, म्हणजे चूक माणसाचीच!" थांबा आजोबा. आता बियांची बाजू.

प्रत्येक बीमध्ये आईबापांकडून आलेले लेख असतात. त्यांना जनुके म्हणतात. आता सगळे 'जीन्स' म्हणतात. भोपळ्याची जनुके २० जोड्या गुणसूत्रांवर बसलेली असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, म्हणजे ज्या वेलीला फळ धरले तिच्याकडचे. दुसरे बापाकडचे, म्हणजे ज्या नर फुलाचा पराग आला त्याच्याकडचे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी या मॅक्झिमा भोपळ्याचा जवळजवळ सगळा लेख वाचून काढला.

देठ फाटण्याचे एकच जनुक असते आणि ते काढून टाकले की झाले, असे मात्र समजू नका. पुष्कळ जनुके थोडा थोडा हात लावतात. देठ लांब की आखूड हे घराण्यावर जाते. लांब देठाला वाकायला जागा मिळते. आखूड देठ खांद्यांच्या बेचक्यात सापडतो आणि मोडतो. म्हणून वेलीवर दोन-तीन फळे धरली की अनुभवी माणूस कुठले ठेवायचे हे ठरवताना फळाकडे कमी आणि देठाकडे जास्त पाहतो. देठ किती जाड, बूच किती लवकर धरते, हेही घराण्याघराण्यात वेगळे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूक.

भूक म्हणजे काय ते सांगतो. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी राक्षसी भोपळे आणि साधे भोपळे शेजारी शेजारी ठेवून तपासले. प्रश्न असा की राक्षसी वेलीची पाने जास्त अन्न तयार करतात का? तर नाही. पाने साध्यासारखीच काम करतात. फरक वाटेत होता. झाडाच्या अंगात साखर वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या असतात. राक्षसी भोपळ्याच्या पानांच्या आणि फळाच्या देठांत या रसवाहिन्यांची जागा कितीतरी वाढलेली आढळली. कोणी मुद्दाम देठ पाहून निवड केली नव्हती. लोक वजन पाहून बी राखत गेले आणि नकळत देठ आतून बदलत गेला. गल्ली जाऊन हमरस्ता झाला. पण रस्ता रुंद झाला म्हणून दोन्ही बाजूंच्या भिंती तेवढ्याच मजबूत झाल्या असे थोडेच आहे! आमच्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. ज्या निवडीने भोपळ्याला एवढे केले, तिनेच त्याच्या देठावर हा ताण आणला. वजनाचा गुण आणि फाटण्याचा दोष एकाच बियाणातून हातात हात घालून आले.

आणखी एक घराण्याचा दोष सांगितला पाहिजे, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि मुलांनी तो जरूर शोधावा. कधी कधी भोपळ्याची गोल वेल एकाएकी चपटी होऊन पट्ट्यासारखी वाढू लागते, जणू दोन-तीन वेली एकमेकींना चिकटल्या. अशा वेलीवरच्या फळाचा देठही दुहेरी, चपटा आणि फाटायला सोपा. शेंड्याला थंडी किंवा मार लागून हे होऊ शकते, पण काही घराण्यांत ते पुन्हा पुन्हा उगवते.

चपट्या देठाची गोष्ट फार जुनी आहे. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूंनी मठाच्या बागेत वाटाणे लावून वंशपरंपरेचे नियम शोधले आणि १८६६ साली ते छापले, हे तुमच्यातल्या मोठ्यांनी शाळेत वाचले असेल. त्यांनी वाटाण्याचे सात गुण तपासले होते. त्यांतला एक असा की काही झाडांना फुले खोडभर येतात आणि काहींना शेंड्यावर घोसाने. तो घोस येतो कारण खोड शेंड्याकडे चपटे, रुंद झालेले असते. त्यामागचे जनुक २०२५ साली नेमके सापडले. एका लेखातली अवघी ५ अक्षरे गळालेली होती! आणि गंमत पाहा, दुसरे एक जनुक असेही सापडले जे हा दोष झाकून टाकते. म्हणजे झाडाच्या पोटात चपटेपणाचा लेख आहे, पण दिसायला खोड अगदी सरळ. त्याच्या पोरांत मात्र तो पुन्हा वर येऊ शकतो. मोठ्या, वाकड्यातिकड्या बीफस्टेक टोमॅटोंचेही तसेच. शेंडा किती रुंद होऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या जनुकांत बिघाड झाला, म्हणून तो टोमॅटो एवढा मोठा. मोठेपण आणि बिघाड यांची अशी सोयरीक जुनीच आहे.

आणि कलिंगड! आपल्या इथे उन्हाळाभर अवतियाख घरात असतोच. काही कलिंगडे चाकू टेकवताच तडकन आपोआप फाटत जातात, हे तुम्ही पाहिले असेल. कलिंगडात अशी फुटकी साल एका जनुकाने येते आणि ते दबके जनुक आहे. दबके म्हणजे काय? आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसते. एकाकडूनच आले तर गप्प बसून राहते. कलिंगड आणि भोपळा एकाच कुटुंबातले, चुलत भावंडे म्हणा. तेव्हा फुटणे वंशातून येते, हे ऐकून आमच्या आजोबांनी भुवया चढवण्याचे कारण नाही.

स्पर्धेची माणसे तर हे कूळ इतके मानतात की त्यांनी बियांना आडनावेच दिली आहेत. आपल्या समाजात आडनावावरून गाव कळते. पेणकर म्हटले की पेण, केहिमकर म्हटले की किहीम. त्यांच्याकडे बियाच्या नावावरून वजन कळते. आधी फळाचे पौंड, मग पिकवणाऱ्याचे आडनाव. '२००९ वॉलेस' म्हणजे ते २००९ साल नव्हे हं, ते पौंड. फळ २०१२ सालचे. त्यापुढे आई कोण आणि पराग कोणाचा हेही लिहितात. मादी फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवायचे म्हणजे मधमाशी शिरत नाही, पहाटे उठून हव्या त्या नर फुलाचा पराग हाताने लावायचा, पुन्हा बांधायचे. एवढे केल्यावर बापाबद्दल शंका राहत नाही. आमची आजी कुणाची मावसबहीण कुणाच्या घरात दिली हे जसे चार पिढ्या मागे जाऊन सांगायची, तसे ही मंडळी भोपळ्यांचे सांगतात. आणि अमक्या घराण्याचा देठ फाटतो बरं का, असे एकमेकांना सावधही करतात. सोयरिकीच्या वेळी आपल्याकडे होते तसेच.

स्पर्धेचा नियम मात्र कडक. फळाला भेग असून ती आतल्या बियांच्या पोकळीपर्यंत पोचली असेल तर वजन कितीही भरो, ते बाद. देठाची चीर खाली खाली सरकत फळात उतरली, की १०० दिवसांची मेहनत एका दुपारी मातीत. पण अशा बाद फळाचे बी कुणी फेकत नाही! त्याची नोंद 'डॅमेज्ड', म्हणजे जखमी, अशी वेगळी करतात आणि बी जपून ठेवतात. का? तर वजनाची जनुके त्यातही आहेतच ना. आता त्याच बियांत देठ फाटायची जनुकेही असणार, हे त्यांना कळत नाही असे नाही. तरी मोह सुटत नाही. आम्हांला विचाराल तर हा दोष इतकी वर्षे का टिकून राहिला, याचे अर्धे उत्तर या मोहात आहे. फाटका भोपळा दुबळा म्हणून फाटत नाही. पुष्कळदा तो सर्वांत जोमाचा असतो म्हणूनच फाटतो, आणि जोम कोणाला नको असतो?

तर मग पाण्याचा दोष किती आणि बियांचा किती, हे ओळखायचे कसे? एक उपाय कोणीही करू शकतो. एकाच फळाच्या बिया घ्यायच्या, म्हणजे सख्खी भावंडे. निम्म्या एका वाफ्यात, निम्म्या दुसऱ्या. एका वाफ्याला बेताने रोज सारखे पाणी, दुसऱ्याला मन मानेल तसे. दोन्हीकडे देठ फाटले तर बोट बियांकडे. फक्त दुसरीकडे फाटले तर पाइपाकडे. त्यातही एक मेख आहे. सख्खी भावंडे सारखी नसतात. कुणी आईच्या वळणावर, कुणी बापाच्या. म्हणून दोन वेलींवरून निकाल द्यायचा नसतो, पुष्कळ लावाव्या लागतात. अश्दोदच्या अंगणात एकच वेल होती.

आमचे मत असे झाले की बी म्हणजे दारू भरलेला फटाका आणि पाणी म्हणजे काडी. साध्या भोपळ्याला त्या पोराने तीनदा पाणी घातले असते तर पाने पिवळी पडली असती, मुळे कुजली असती, पण बहुधा देठ असा उलला नसता, कारण त्याला दिवसात एवढे गिळायची भूकच नाही. आणि अटलांटिक जायंटला बेताने पाणी मिळाले असते तर कदाचित बूच धरायला वेळ मिळून देठ तगला असता. भर उन्हात कोरडी जमीन आणि मग एकदम पाण्याचा लोंढा, हे तर फारच वाईट. तेव्हा आजोबांचे खरे, आणि नातवाचेही खरे. हा निकाल आम्ही फोनवर सांगितला तेव्हा पलीकडून दोघेही एकदम म्हणाले, "मग चूक कोणाची?" चला, निदान एका सुरात बोलले!

आणि आजोबा, रागावू नका, पण चूक म्हणाल तर एक तुमचीही होती. ती चिंधी. फाटलेला देठ माणसाच्या जखमेसारखा झाकायचा नसतो. त्याला वारा लागला पाहिजे. परदेशातले हौशी लोक चिरेपाशी चक्क विजेचा पंखा लावून ठेवतात, की ओल सुकावी आणि बुरशी धरू नये. कोरडी राहिली तर चीर स्वतःच बुचाने भरून येते आणि फळ पुढे वाढतही राहते. तुमच्या चिंधीखाली घाम साठला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देठ मऊ पडून वास येऊ लागला. आम्ही हे सांगितल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प होते. मग नातवाला म्हणाले, "अरे, मला काय माहीत. मी तुझ्या आईच्या गुडघ्याला असंच बांधायचो."

ऑगस्टच्या मध्यावर भोपळा काढला. आम्हांला बोलावणे होते. इमारतीतले तिघे लागले उचलायला. शेजाऱ्यांच्या माल मोजायच्या काट्यावर ठेवला, ५८ किलो भरला. जगाच्या मानाने काहीच नाही, पण अश्दोदच्या त्या गल्लीत विक्रमच! कापला तेव्हा आतला गर चांगला निघाला, कूज देठाखाली चार बोटेच उतरली होती. आजींनी सगळ्या मजल्यांवर फोडी वाटल्या. घारगेही केले. पण एक सांगून ठेवतो, या राक्षसी भोपळ्याला चव बेताची आणि पाणी फार. आजींना नेहमीपेक्षा दीडपट पीठ लागले आणि गूळही हात सैल सोडून घालावा लागला.

घारगे खाताना रोश हशनाच्या ताटाचा विषय निघाला. त्या ताटात 'कारा' असतो, आणि या शब्दाचा उच्चार फाडणे या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी जुळतो. म्हणून तो खाताना आपण मागतो की आमच्याविरुद्धचा वाईट निवाडा फाडून टाकला जावो. नातू म्हणाला, "म्हणजे भोपळ्याच्या नावातच फाटणं आहे! मग पाण्याचं नावच नको!" सगळे हसले. खरे तर जुन्या ग्रंथांतला कारा म्हणजे आपला दुधी, कारण हा लाल भोपळा अमेरिकेतून आला आणि अमेरिका तेव्हा इकडे कोणाला ठाऊकच नव्हती. पण त्या दिवशी आम्ही ते त्याला सांगितले नाही. आता वाचेल तेव्हा कळेल.

मग आला बियांचा प्रश्न. परातभर बिया निघाल्या, पांढऱ्या, टपोऱ्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या. आजोबा म्हणाले, "फाटक्या वंशाचं बी कशाला ठेवायचं? मामाला सांग, दुसरं पाकीट पाठव." नातवाचे डोळे भरून आले. तो काही बोलला नाही, परात उचलून मिरपेसेतवर गेला आणि बिया वर्तमानपत्रावर एकेक सुटी करून पसरत बसला. थोड्या वेळाने आजोबाही गेले आणि त्याच्या शेजारी बसून चिकटलेला गर काढू लागले. आम्ही आत आजींशी बोलत होतो. बाहेर दोघांचे काय ठरले ते ऐकू आले नाही.

निघताना पोराने आम्हांला एक पाकीट दाखवले. आतमध्ये १२ बिया, बाकीच्या मित्रांना द्यायच्या होत्या. पाकिटावर त्याने स्पर्धेवाल्यांसारखे लिहिले होते. आधी ५८, मग स्वतःचे आडनाव, आणि खाली मराठीत, आजोबांच्या वळणदार अक्षरात, 'जखमी'. त्याखाली आणखी एक ओळ, हिब्रूत, पोराच्या हातची. आम्ही चष्मा पुसून वाचली: दोन वाफे, एकाला सबा पाणी घालणार, एकाला मी.